आधी विचारा, मग टाका : १६० चौरस फुटांची आवराआवर

लोकलमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल किंवा अंथरुणात पडून झोप येण्याची वाट बघत असाल, तर तसंच चालू द्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून देतेय. बोलल्यासारखाच ठेवलाय, फार सोवळं केलेलं नाही.

मागचे दोन आठवडे भाग आला नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मेसेज केले, ‘ताई, पॉडकास्ट बंद केलंस का?’ नाही हो. आम्ही घर रिकामं करत होतो. आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली. आज तीच सांगणार आहे, कारण तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आज ना उद्या हीच वेळ येणार आहे.

आधी घर कुठलं ते सांगते. नायगावची बीडीडी चाळ. मुंबईबाहेरच्यांसाठी : १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाच्या सरकारी खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. म्हणून बीडीडी. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या. मधून लांबच लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं. संडास सार्वजनिक. एक खोली १६० चौरस फुटांची. आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर पुनर्विकास चालू आहे आणि १६० फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळणार आहे. आमच्या इमारतीचा नंबर लागला आणि खोली रिकामी करायची तारीख आली.

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आले, गिरणीत लागले. आजी १९६० साली लग्न होऊन याच खोलीत आली. पप्पा, आत्या, काका इथेच वाढले. मीही इथेच. म्हणजे पासष्ट वर्षं एकच खोली.

तुम्ही म्हणाल, १६० फुटांत असून असून काय असणार? मलाही तसंच वाटलं होतं. चाळीत वाढलेल्यांना माहीत असेल, की आपल्या घरांना फक्त लांबी-रुंदी नसते, उंची असते. माळा असतो. पलंगाखाली ट्रंक असते, ट्रंकेखाली पत्रा असतो आणि पत्र्याखाली कुणीतरी जपून ठेवलेली लाकडी फळी असते, ‘लागेल कधीतरी’ म्हणून. आम्ही त्या खोलीतून दोन टेम्पो सामान काढलं. दोन!

मी तयारीत होते बरं का. जपानच्या मारी कोंडो तुम्हाला माहीत असतील, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली होती. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद होतो का बघायचं, होत असेल तर ठेवायची, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. त्यांचा एक क्रमही आहे. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग इतर किरकोळ सामान आणि सगळ्यात शेवटी आठवणींच्या वस्तू. पद्धत चांगली आहे, मी टिंगल करत नाहीये. मी मोबाइलवर तीन रकाने केले : ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. रंगसुद्धा दिले.

पहिल्याच तासाला माझा क्रम कोलमडला. आमच्या घरात कपडे वेगळे, कागद वेगळे आणि आठवणी वेगळ्या असं काही नव्हतंच. आजीच्या नऊवारीच्या घडीत आजोबांचं प्रॉव्हिडंट फंडाचं पत्र. तांदळाच्या डब्यात लेकरांचे जन्मदाखले. देव्हाऱ्याच्या मागे रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक. हो, एके काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. एका पितळी डब्यात मोहरी, तिच्याखाली प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पाचशेच्या सात जुन्या नोटा. साडेतीन हजार रुपये!

मी ओरडलेच. पप्पा हसले, मग एकदम गप्प झाले. कारण ८ नोव्हेंबर २०१६ ला त्या नोटा बाद झाल्या आणि बँकेत भरायची मुदत ३० डिसेंबरला संपली. आजीनं त्या मोहरीखाली ठेवल्या आणि विसरली. तुमच्याही घरात अशा नोटा सापडू शकतात, म्हणून सांगून ठेवते : २०१७ च्या कायद्यानुसार सर्वसाधारण माणसाला अशा जुन्या नोटा जास्तीत जास्त दहाच जवळ ठेवता येतात. त्याहून जास्त ठेवणं गुन्हा आहे. आमच्या सातच निघाल्या, म्हणून वाचलो.

आता मूळ गोष्टीकडे येते. या सगळ्यात आजी कुठे होती? तर ती डोंबिवलीला आत्याकडे होती. आम्हीच पाठवली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, दम्याचा त्रास, धुळीत कशाला ठेवायची? हे झालं सांगायचं कारण. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती इथे असती, तर प्रत्येक डब्याला ‘राहू दे गो बाय’ म्हणाली असती आणि आम्ही वीस दिवसांत काय, वीस महिन्यांत मोकळे झालो नसतो. मीच पप्पांना म्हटलं होतं, ‘तिला आठ दिवस पाठवूया. ती आली की सगळं झालेलं असेल.’ माझंच वाक्य आहे ते. लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. माळ्यावरून मी सामान खाली देत होते आणि पप्पा तराजूपाशी उभे होते. तुटलेला स्टोव्ह, मोडका टेबलफॅन, ॲल्युमिनियमची मोठी पातेली. इतकी मोठी, की ‘ही आपल्याकडे कशाला?’ असं मी विचारलंसुद्धा. पप्पा म्हणाले, ‘आजी आधी खानावळ चालवायची ना.’ मला हे ऐकून माहीत होतं. आपल्याला घरातल्या बऱ्याच गोष्टी अशाच माहीत असतात, ऐकून, एका वाक्यापुरत्या.

मग एक बोचकं आलं. जुन्या चादरीत बांधलेल्या सात वह्या. लांबट, लाल कापडी पाठीच्या, तेलाचे डाग पडलेल्या, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. मी एक उघडली. आडव्या-उभ्या रेघा, डाव्या बाजूला नावं, पुढे नुसत्या टिचक्या आणि गोल. टिचकी, टिचकी, गोल, टिचकी. शेवटी काही आकडे. आनंद होतो का? छे! हाताला तेलकट लागलं. दिल्या. बारा रुपये किलोने गेल्या. पाच किलोच्या आसपास भरल्या असतील. साठ रुपये.

चौथ्या दिवशी आजी आली. अजून चार दिवस राहणार होती, पण आत्याला म्हणाली, ‘मला माझ्या घरात झोपायचंय, परत झोपायला मिळायचं नाही.’ आली, दारातच उभी राहिली. अर्धी खोली मोकळी. मी घाबरले होते, की रडेल, चिडेल. ती बसली, पाणी प्यायली, सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘बरं केलंत. केवढा तो उकिरडा झाला होता.’ मी मनात म्हटलं, जिंकलो! आणि मग तिनं वर माळ्याकडे बघत विचारलं, ‘माझ्या वह्या खाली काढल्यात ना?’

कुणीच काही बोललं नाही. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘कुठल्या गं? त्या टिचक्यांच्या?’

‘टिचक्या न्हायत त्या, बाय,’ ती म्हणाली. ‘जेवणं हायत.’

मी चप्पल घातली आणि धावले. दुकान आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. पण रद्दी तिथे साठत नाही, दुसऱ्या दिवशी मोठ्या गोदामात जाते आणि तिथून कागदाच्या कारखान्याला. माल कालच गेला होता. मी तिथेच उभी राहिले. बहुतेक माझ्या तोंडाकडे बघूनच असेल, गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, ‘ताई, एक वही मी ठेवलीय.’ त्या वहीची मागची पंधरा-वीस पानं कोरी होती. त्यावर त्यानं स्वतःचा हिशोब लिहायला सुरुवात केली होती. पत्रा इतका, लोखंड इतकं, पुठ्ठा इतका. त्यानं आपली लिहिलेली दोन पानं सांभाळून फाडून घेतली आणि वही मला दिली. पैसे घेतले नाहीत.

सातातली एक वही. १९७८ ची. आजीनं ती हातात घेतली, पहिलं पान बघितलं आणि म्हणाली, ‘ही न्हवं.’

म्हणजे तिला पाहिजे होती ती दुसरीच. १९८२ ची.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळणार नाही, मलाही कळलं नव्हतं. गिरणगावात हजारो पुरुष कोकणातून, घाटावरून एकटेच आलेले असायचे. बायको-पोरं गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण, कोण दिवसपाळीला, कोण रात्रपाळीला, त्यामुळे झोपायचीसुद्धा पाळी. यांना जेवू कोण घालणार? चाळीतल्या बाया. घरातच चूल, घरातच पंगत, महिन्याचे पैसे पगाराला. ही खानावळ. पाटी नाही, काउंटर नाही, आणि कुठल्याही सरकारी कागदावर या बाईच्या नावापुढे ‘धंदा’ म्हणून काही लिहिलेलं नाही. किराणा उधारीवर आणायचा, महिनाभर रांधायचं, मग पैसे यायचे. मधल्या काळात वाणी आणि सावकार यांच्या कात्रीत. याच खानावळवाल्या बायांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराच्या हातून सुटका व्हावी, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. आपल्याला आज ‘स्टार्टअप’ हा शब्द फार आवडतो ना? या बाया १६० फुटांत अठरा माणसांना दोन वेळा जेवू घालत होत्या. त्यांना तो शब्द माहीत नव्हता, एवढंच.

आजी चौथी शिकलेली. तिनं स्वतःची पद्धत काढली होती. डावीकडे नाव. रोज दोन घरं, सकाळ आणि रात्र. जेवला की टिचकी. आला नाही की गोल, म्हणजे खाडा. खाडे वजा करायचे, उरलेल्या टिचक्या मोजायच्या आणि महिनाअखेर आकडा लिहायचा. ती मला १९७८ च्या वहीवर बोट ठेवून शिकवत होती. आणि मला जाणवलं, की मी ज्याला घाण समजले, ते तेलाचे डाग तिच्या बोटांचे होते. पोळी लाटता लाटता येऊन टिचकी मारायची आणि परत जायची.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार. आजोबा साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. तेही संपात. महिना, दोन महिने, फार तर तीन, असं सगळ्यांना वाटलं होतं. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला. हजारो लोक परत कधीच कामावर गेले नाहीत. आमचे आजोबा त्यातले एक.

आता आजीची बाजू बघा. स्वतःच्या घरात पगार बंद. आणि अठरा जेवणारे, तेही सगळे संपकरी. पैसे कुठून देणार?

मी तिला विचारलं, ‘मग तू खानावळ बंद केलीस?’

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी विचारलं, की श्वास घेणं बंद केलंस का. म्हणाली, ‘पानावर आलेल्याला उठवतात काय?’

तिनं टिचक्या मारणं चालू ठेवलं. फक्त शेवटचा रकाना, आकड्याचा, तो कोरा सोडला. काही जण पावसाच्या तोंडावर शेतीसाठी गावी निघून गेले. काही राहिले. जे राहिले ते जवळपास वर्षभर जेवले. भात कमी झाला, डाळ पातळ झाली, मासळी बंद झाली, पण टिचकी पडत राहिली. नंतर काहींनी हळूहळू पैसे फेडले. एक जण म्हणे दहा वर्षांनी आला, काजूची पिशवी आणि दोनशे रुपये घेऊन, आणि दारात बसून रडला. काही परत कधी दिसले नाहीत.

‘मग ती वही तू जपलीस कशाला? वसुलीसाठी?’

‘वसुली कसली गो! ते जेवले होते, एवढं कुठंतरी लिवलेलं र्‍हावं.’

मंडळी, या वाक्याशी मी बराच वेळ अडकले. कारण अडीच लाख कामगारांच्या संपावर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत. पण त्या वर्षी नायगावच्या एका खोलीत अठरा माणसं कुणाच्या जिवावर जेवली, याचा एकमेव पुरावा त्या वहीत होता. आणि मी तो बारा रुपये किलोने विकला.

अजून एक गोष्ट बाकी आहे, आणि ती सांगायला आत्याची परवानगी घेतलीय.

आत्या म्हणजे सगळ्यात मोठी मुलगी. तिचं लग्न १९८३ साली झालं. तिच्यासाठी आजीनं चार सोन्याच्या बांगड्या करून ठेवल्या होत्या, खानावळीच्या पैशांतून, एकेक करून. लग्नात आत्याच्या हातात त्या नव्हत्या. ‘मोडल्या,’ एवढंच आजीनं सांगितलं होतं. संप होता, घरात खायला नव्हतं, सगळ्यांना कारण कळलं असं वाटलं. पण आत्याच्या मनात काटा राहिला होता, कारण त्याच वर्षी धाकट्या काकाच्या शाळेची फी वेळेवर भरली होती. चाळीस वर्षं ती हे कुणाला बोलली नाही. आपल्या घरांत असे काटे असतात ना, जे फक्त भाऊबीजेच्या रात्री उशिरा थोडे दुखतात.

त्या संध्याकाळी आजी वहीबद्दल बोलत होती तेव्हा आत्या तिथेच होती. आणि आजी सहज म्हणाली, ‘वाण्याचं बिल थकलं, मग दोन बांगड्या चैत्रात दिल्या आणि दोन श्रावणात.’

आत्या म्हणाली, ‘म्हणजे माझ्या बांगड्या त्या लोकांच्या जेवणात गेल्या?’

‘व्हय.’

‘मग तेव्हा सांगितलं का नाहीस?’

आजी म्हणाली, ‘सांगितलं असतं तर तू त्यांना शिव्या दिल्या असत्यास. जेवणाऱ्याला शिवी लागू नये.’

आत्या उठून पॅसेजमध्ये गेली. आम्ही कुणी मागे गेलो नाही. थोड्या वेळाने आली, आजीच्या शेजारी बसली आणि तिनं ती १९७८ ची वही मांडीवर घेतली. ‘दाखव,’ म्हणाली. ‘यातले कोण कोण होते तेव्हा?’

आणि मग जे करायला हवं होतं, ते आम्ही चार दिवस उशिराने सुरू केलं. मी फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि आजीच्या समोर ठेवलं. १९८२ चे अठरा जण. ती बोटं मोजत नावं सांगायला लागली. तिला माणसं नावानं नाही, जेवणानं आठवत होती. एक साताऱ्याचा, त्याला तिखट सोसायचं नाही. एक देवरुखकडचा, उंच, तो ताटात मीठ नेहमी उजवीकडे मागायचा. दोघं भाऊ, एकाच ताटात जेवायचे, पण टिचक्या दोन. एक जण संकष्टी धरायचा, त्याचा महिन्यातून एक गोल ठरलेला. अकरा नावं आली. बारावं येईना. ‘पाच चपात्या खायचा,’ ती म्हणाली, ‘डोळ्यासमोर हाय माझ्या. नाव येत न्हाय.’

त्या रात्री नाही आलं. दुसऱ्या दिवशीही नाही. वहीत ते होतं. अकरा नावं माझ्या फोनमध्ये आहेत आणि सात गेली. पाच चपात्या खाणारा तो माणूस आता आमच्याकडे फक्त पाच चपात्या म्हणून राहिलाय.

आता तुम्हाला वाटेल, मी सांगणार की काहीच टाकू नका. अजिबात नाही! (हसतेय मी इथे.) गंमत ऐका. पुढचे दोन दिवस आजी आमच्यात बसून आवरायला लागली आणि तिनं आमच्यापेक्षा जास्त टाकलं. स्वतःच्या लग्नाचा शालू मी ‘ठेवायचं’मध्ये टाकला होता, तिनं तो उलगडला, विरलेला भाग दाखवला आणि म्हणाली, ‘ह्याचं काय लोणचं घालू?’ चांदीचं पाणी दिलेली समई, कुणाच्या तरी साखरपुड्यातली, दिली. बाद झालेल्या त्या सात नोटा तिनं हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाली, ‘पोरांना खेळायला द्या.’ आणि मी ‘टाकायचं’मध्ये ठेवलेली एक लाकडी वस्तू, दोन्ही टोकांना निमुळती, होडीसारखी, तिनं पटकन उचलली. आम्ही वर्षानुवर्षं ती दाराला अडसर म्हणून लावत होतो. तो धोटा होता. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो. आजोबांनी गिरणीतून आणलेली एकमेव गोष्ट. मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही.

तर मला कळलेली गोष्ट एवढीच आहे. आवरताना आपण वस्तूला विचारतो, ‘तू मला आनंद देतेस का?’ पण जुन्या घरातल्या वस्तू बहुतेक वेळा आपल्या नसतातच. ज्याच्या आहेत, तो माणूस जिवंत आहे, शेजारच्या खोलीत आहे किंवा आपणच त्याला डोंबिवलीला पाठवलंय. प्रश्न त्याला विचारायचा. आधी विचारा, मग टाका. आपल्याला वाटतं, म्हातारी माणसं अडवतील. ती अडवतात, कारण न विचारता टाकलं जाणार, हे त्यांना माहीत असतं. विचारलं की ती स्वतःच हात सोडतात.

आता काही कामाच्या गोष्टी, आमच्या चुकांमधून शिकलेल्या.

एक. रोज एकच ट्रंक किंवा एकच डबा, आणि तोही घरातल्या ज्येष्ठ माणसासोबत. धुळीचा त्रास असेल तर वस्तू पुसून त्यांच्या हातात द्या. फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. व्हिडिओ नको, कॅमेरा दिसला की आपली माणसं पदर सावरून ‘मुलाखत’ द्यायला लागतात. नुसता आवाज पुरे. आणि प्रश्न साधा ठेवा. ‘तुझ्या आठवणी सांग’ असं विचारलं तर कुणी सांगत नाही. ‘हे काय आहे?’ विचारा.

दोन. फोटो. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. निघत नसतील तर आहे तिथेच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, फोनने टिपून घ्या. सुटे फोटो असतील तर मागे नावं लिहा, पण बॉलपेनने दाबून नको, पुढच्या बाजूला वळ उठतात. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. आणि नावं आजच लिहा. फोटो टिकतो हो, नावंच आधी जातात.

तीन. जुने कागद लॅमिनेट करू नका. आपल्याकडे ही फार हौस आहे. उष्णतेने कागद खराब होऊ शकतो आणि ते प्लास्टिक नंतर सुखरूप काढता येत नाही. साध्या फाइलमध्ये, कोरड्या जागी ठेवा.

चार. जुनी पासबुकं रद्दीत घालण्याआधी थांबा. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यांतले पैसे बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करतात, पण खातेदाराचा किंवा वारसांचा हक्क जात नाही. रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ नावाचं पोर्टल २०२३ मध्ये सुरू झालंय, तिथे नाव घालून शोधता येतं. दावा मात्र बँकेतच जाऊन करायचा.

आणि पाच, हा नियम नाही, विनंती आहे. वही, डायरी, हिशोबाचा कागद, काहीही हाताने लिहिलेलं आणि तुम्हाला न कळणारं सापडलं, तर निदान एक दिवस बाजूला ठेवा. आपल्याला कळत नाही, याचा अर्थ त्यात काही नाही असा होत नाही.

आम्ही मागच्या रविवारी खोलीची किल्ली दिली. रिकामी खोली खूप मोठी दिसते, कधी बघितलीय? आजी म्हणाली, ‘एवढी मोठी होती व्हय ही?’ १९७८ ची वही आता भाड्याच्या घरात देव्हाऱ्याशेजारी आहे. त्या मुलानं जिथून आपली दोन पानं फाडून घेतली, तिथून पुढची पानं अजून कोरी आहेत. त्यातल्या एका पानावर मी ती अकरा नावं लिहिलीत आणि खाली सात ओळी मोकळ्या सोडल्यात. बाराव्या ओळीवर लिहिलंय, ‘पाच चपात्या’. आठवलं तर भरू.

तुमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे, जिचा अर्थ घरातल्या एकाच माणसाला माहीत आहे? आज घरी गेलात की ती उचला आणि विचारा, ‘हे काय आहे?’ आणि काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात आपण ते ऐकूया.

चला, काळजी घ्या. भेटू पुढच्या आठवड्यात, या वेळी नक्की!